वाचलेलं, महिनावार

जानेवारीत चार.
नव्याचे नऊ दिवस,
आणि पेझलीत तेव्हा दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात,
म्हणजे चारांतली दोन तरी अंधाराच्या नावावर.

मोरागनं काउंटरवरून पिवळं कार्ड सरकवलं होतं :
वर्षात चोवीस पुस्तकं, बारा महिन्यांच्या बारा ओळी,
पूर्ण केलीत तर कापडी पिशवी बक्षीस.
कापडी पिशव्या माझ्या घरात एकोणीस आहेत.
तरी सही केली.

फेब्रुवारीत दोन. त्यातलं एक अगदीच किडकिडीत,
बसस्टॉपवर उघडलं, घराच्या पायरीवर मिटलं.
लिहिताना पेन जरा अडखळलं,
मग लिहिलंच.

मार्चमध्ये काही नाही.
मार्चमध्ये नीलकांतच्या डोळ्याचा पडदा सुटला,
पंधरा दिवस पालथं पडून राहायचा हुकूम.
मी दिवसभर औषधांच्या दुकानात
घडीची बारीक पत्रकं वाचत होते.
ती धरायची सोय असती
तर आठवड्यात चोवीस झाली असती,
सगळ्यांचा शेवट तोच : मुलांच्या हाती लागू देऊ नये.

एप्रिल-मे मिळून ओढूनताणून तीन.

जूनच्या ओळीत छापलं होतं :
तुमच्या आईच्या भाषेतलं एक.
मला हसू आलं. इथं?
या गावानं आपली कोयरी उचलली,
शालींवर विणली, जगभर स्वतःच्या नावानं खपवली;
कोयरीची भाषा कशाला कोण मागवेल?

मोराग मला तळघरात घेऊन गेली.
उर्दू, पंजाबी, पोलिश,
आणि त्यांच्या पायाशी आडवं पडलेलं एक,
खाकी पुठ्ठ्यात बांधलेलं.
पहिली सोळा पानं नाहीत.
नाव नाही, लिहिणाऱ्याचा पत्ता नाही,
सतराव्या पानावर वाक्याच्या मधूनच कुणीतरी म्हणतंय :
'...आणि किल्ली तर केव्हाची तुझ्याच पदराला!'

मागच्या पुठ्ठ्याला तारखांचा कागद.
जांभळे शिक्के, एकाखाली एक.
नऊ जानेवारी अठ्ठ्याऐंशी. सहा फेब्रुवारी. पाच मार्च. दोन एप्रिल.
सगळे शनिवार.
चार-चार आठवड्यांनी, चार वर्षं, एकही खाडा नाही.
मग कोरं.

मी तिथंच लोखंडी शिडीवर बसून मोजले :
बावन्न.
म्हणजे कुणीतरी हे परत करायचं
आणि त्याच पावली पुन्हा घेऊन जायचं.
कोण, मोरागला ठाऊक नाही, ती तेव्हा शाळेत होती.
एका समासात पेन्सिलीनं फक्त :
दूध दोन, बटाटे, लोकर निळी.
एवढ्यावरून मी तिला 'ती' म्हणते. चुकतही असेन.

तिच्या हाती हे पिवळं कार्ड आलं असतं
तर काय भरलं असतं तिनं?
चार वर्षांत एक?
का बावन्न?

घरी नीलकांत म्हणाला, मोठ्यानं वाच.
वाचलं. संपलं, तर म्हणाला,
आता पहिली सोळा पानं.
नाहीत रे.
मग थांब, मी सांगतो.
आणि डोळ्यावर पट्टी असलेला माझा नवरा,
ज्यानं आयुष्यात विजेची बिलं सोडून काही वाचलं नाही,
सांगत बसला.
दर रात्री वेगळी सोळा.

जुलैत मी तेच पुन्हा नेलं. ऑगस्टातही.
मोराग म्हणाली, कार्डावर एकदाच धरता येईल हं.
धर एकदाच.
नावाच्या रकान्यात मी लिहिलं : किल्ली.

आता शिक्के नसतात,
यंत्रातून चिठ्ठी निघते आणि महिन्याभरात पांढरी होते.
पण मी तो कागद दाखवला तेव्हा
मोरागनं खालचा ड्रॉवर उपसला,
वाळलेल्या गादीवर दोन थेंब पाणी टाकलं.
शिक्क्यातलं वर्षाचं चाक दोन हजार अकरावर अडकलेलं.
चालेल? म्हणाली.

बावन्नाच्या खाली,
थोडा तिरका, थोडा फिका,
चुकीच्या वर्षाचा
त्रेपन्नावा.